परड्यातलं झाड

मध्यंतरी बेळगावातल्या अनगोळच्या एका महिला मंडळानं मला गच्चीवरच्या भाजीबद्दल बोलायला बोलावलं. डबे, बी, खताची पिशवी असा सगळा पसारा घेऊन गेलो. बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. म्हणाली, "आमचं परडं गेलं की रे बाळ. तिथं आता गाड्या लागतात. शिवारात रस्त्याचे दगड रोवायलेत. आणि तू मला डब्यात मेथी लाव म्हणतोस?"

मला उत्तर देता आलं नाही. मेथी लावा, असं मी आजही म्हणेन. पण आजीचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि शहरानं त्याला उत्तर दिल्याशिवाय डबे दाखवत फिरणं मला पटेनासं झालंय.

कन्नडमध्ये एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातलं झाड औषधाला चालत नाही. आपण मराठीत म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही. दोन भाषांच्या या मुलखात दोन्हीकडे दुखणं एकच आहे, आणि ते म्हणीपुरतं राहिलेलं नाही. बेळगावनं आपल्या शिवाराशी आणि निपाणीनं आपल्या मातीशी ते प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

*

स्थानिक अन्नासाठी शहरानं काय करावं? सगळ्यांत आधी शिवारातून पाय काढावा.

बेळगावच्या नकाशावर बोट फिरवून बघा. दक्षिणेला आणि पूर्वेला शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, अनगोळ, येळ्ळूर यांचं काळं, ओल धरून ठेवणारं शिवार. पश्चिमेला उचगाव, बेळगुंदी, तुरमुरी, बेकिनकेरे यांची तांबडी माती. तिथली रताळी आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला पार दिल्लीच्या बाजारापर्यंत जातात. उत्तरेला कडोली, केदनूर, अगसगा हा बटाट्याचा आणि भाजीचा पट्टा. भात, डाळ, कंद, भाजी, सगळं सायकलच्या टप्प्यात. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या जवळ पोचलेल्या शहराला असं ताट अंगणाशी मिळतं, ही साधी गोष्ट नाही.

त्यातही शहापूर-वडगावच्या शिवाराचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. पावसात भात. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. या दुसऱ्या पिकाला पाणी पाजावं लागत नाही. थंडीतल्या दवावर मसूर येते आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र परत देऊन जाते. पुढच्या वर्षीच्या भाताची सोय तीच करून ठेवते. कुणा विद्यापीठानं हे शिकवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी बघून बघून बसवलेली ही घडी आहे. इथला शेतकरी 'तिबार पिकाची जमीन' असं म्हणतो तेव्हा त्यात बढाई नसते, हिशेब असतो.

याच शिवारातला बेळगाव बासमती. एका घरात भात शिजला की शेजारच्या दोन घरांना कळायचं. आज बहुतेकांकडे इंद्रायणी आहे, आणि बासमती पेरणारा घरापुरते चार-सहा गुंठे पेरतो. बियाणं जपतो, कारण आजा जपत होता. एवढ्याच धाग्यावर तो तांदूळ टिकून आहे.

या जमिनीचं आपण काय केलं? हलगा-मच्छे बायपास याच सुपीक पट्ट्यातून काढला. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, उभ्या पिकात येणाऱ्या यंत्रांपुढं बायामाणसं आडवी झाली. रिंगरोडविरुद्ध गावंच्या गावं उठली. आणि २०२० साली कर्नाटकानं भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घ्यायची वाट मोकळी झाली. शहराच्या कडेची जमीन तेव्हापासून शेतीच्या नव्हे, गुंठ्याच्या भावानं मोजली जाते. ज्याची पोरं शिकून पुण्याला गेली त्या शेतकऱ्यानं या भावाला नाही म्हणावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

दुसरा घाव पाण्यातून येतो. बळ्ळारी नाला हा या शिवाराचा पाण्याचा निचरा. त्यात शहराचं सांडपाणी जातं, गाळ साचतो, जलपर्णी माजते. जोराचा पाऊस झाला की नाला फुगून भातात शिरतो आणि लावण कुजते. शेतकरी दुबार लावणी करतो. पुन्हा तरू, पुन्हा चिखलणी, पुन्हा बायकांची मजुरी. हा खर्च शहराच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो शेतकऱ्यानं आपल्या खिशातून केलेला असतो. शहरानं या नाल्यातला गाळ मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच काढला आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडलं, तर स्थानिक अन्नाला याहून मोठा हातभार दुसरा नाही.

गच्चीवर भात होत नाही. मसूर होत नाही. दहा हजार गच्च्या हिरव्या झाल्या तरी वडगावच्या शिवारातल्या एका पावसाळ्याची भरपाई होणार नाही. म्हणून माझी मागणी अशी, की शहराच्या आराखड्यात हे शिवार 'अन्नाची जमीन' म्हणून रंगवा. एकदा रंगवलं की त्याला बिनशेती परवाना नाही, त्यातून रस्ता नाही. आणि ती जमीन राखणाऱ्याला राखल्याबद्दल दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम द्या. शहराला हवा, निचरा आणि भात पुरवणाऱ्यानं ते फुकट का पुरवायचं?

*

आता बाजार.

मी ज्या पेठेत भाजी घेतो तिथं सकाळी साडेसहाला एक आक्का येते. डोक्यावर बुट्टी. त्यात चाकवत, राजगिरा, आंबट चुका, कोथिंबिरीच्या दहा-बारा जुड्या, दिवस असले तर हरभऱ्याचे कोवळे शेंडे. ओल्या गोणपाटाखाली सगळं टवटवीत. साडेनऊच्या सुमाराला गणवेशातला कुणी येतो आणि तिला उठवतो. ती पलीकडच्या बोळाच्या तोंडाशी बसते. तिथून दुकानदार उठवतो. अकरा वाजता उरलेली भाजी ती निम्म्या भावात देऊन टाकते, कारण बुट्टी भरलेली घेऊन बसमध्ये चढता येत नाही. परवा मला म्हणाली, "पिकवायला तरास न्हाई हो, बसायलाच तरास."

या एका वाक्यावर शहराचं सगळं धोरण उभं करता येईल. आणि तिच्या बाजूनं कायदाही आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं रक्षण करणारा कायदा २०१४ साली संसदेनं केला. प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया हव्यात, असं त्यात लिहिलेलं आहे. पण आठवड्यातून दोन दिवस येणारी शेतकरीण कायमच्या गाडेवाल्यांच्या यादीत बसत नाही. तिला ओळखपत्र कोण देणार? गणपत गल्ली, काकती वेस, शहापूरचा खडेबाजार, टिळकवाडी, प्रत्येक ठिकाणी सकाळी सहा ते दहा फक्त 'स्वतः पिकवलं, स्वतः विकलं' अशांसाठी वीस-वीस जागा आखून द्या. जमिनीवर पांढरी रेघ, वर पावसापुरतं छत, जवळ एक नळ आणि बायकांसाठी एक स्वच्छतागृह. शहराच्या हिशेबात ही रक्कम किती? एका दिखाऊ कारंज्याइतकीही नाही.

ब्राझीलमधलं बेलो ओरिझोंते हे शहर आपल्याहून कितीतरी मोठं. तिथल्या महापालिकेनं १९९३ साली अन्न हा नागरिकाचा हक्क आहे असं ठरवून त्यासाठी वेगळं खातंच काढलं. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना शहरातल्या मोक्याच्या चौकांत विक्रीच्या जागा दिल्या. मधला दलाल गेला. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, गिऱ्हाइकाला भाजी स्वस्त पडली, आणि त्याच भाजीवर लोकांसाठी स्वस्त खानावळी चालू झाल्या. या साऱ्यावर महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दोन टक्केही खर्च होत नव्हते. जगभरची शहरं ते बघायला तिकडं जातात.

आणि आपल्याला बेलो ओरिझोंते गाठायची तरी काय गरज? चोर्ला घाट उतरा. गोव्याच्या घराघरात शिजणारी बरीचशी भाजी बेळगावहून जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बेळगावच्या गाड्या थांबल्या आणि गोव्याच्या बाजारात भाजी मिळेना. शेजारच्या राज्याला आपल्या भाजीची किंमत त्या आठवड्यात कळली. ज्या शहराच्या दाराशी ती पिकते त्या शहराला ती कळायला कोणत्या संकटाची वाट बघायची?

'स्थानिक' म्हणजे कोण, तेही इथंच सांगून टाकतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण त्याचा बाजार बेळगाव. तिथली बाई रताळी, काजू, नाचणी घेऊन शिनोळीची हद्द ओलांडून येते. ती माझ्या लेखी स्थानिकच. अंतर किलोमीटरमध्ये मोजा, राज्यात मोजू नका. आणि जागेची नोटीस, बियाण्याची माहिती, अनुदानाचा अर्ज तिला वाचता येईल अशा भाषेत, कन्नडबरोबर मराठीतही, काढा. न वाचता आलेल्या नोटिशीमुळं हक्क बुडालेला शेतकरी मी पाहिला आहे. त्याच्या हातातला कागद मीच त्याला वाचून दाखवला, तेव्हा मुदत संपून बारा दिवस झाले होते.

*

कचऱ्याबद्दल बोलायला मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

वेंगुर्ला रस्त्यावरच्या तुरमुरीला बेळगावचा कचरा जातो. ज्या पट्ट्यातून आपल्याला रताळी येतात त्याच पट्ट्याला आपण आपलं उष्टं पाठवतो. तिथल्या लोकांनी वासाबद्दल, माश्यांबद्दल, विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी केल्या, रस्ते अडवले. शहराच्या कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. भाजीची देठं, फळांच्या साली, शिळं अन्न, म्हणजे मातीतून आलेलं आणि मातीतच जायला हवं असलेलं. ते प्लास्टिकात बांधून तुरमुरीपर्यंत नेण्याचं डिझेल आपण कराच्या पैशातून भरतो. आणि मग त्याच पैशातून बागांसाठी खत विकत घेतो.

शहरात ५८ वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डात एक खतकुंड हवं. विटांचं, जाळीचं, छप्पर असलेलं. एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला, आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेलं खत हातात येतं. वास मारतो तो पाला कमी पडल्यामुळं. बाकी काही गुपित नाही. निम्मं खत वॉर्डातल्या बागवाल्यांना फुकट द्या. उरलेलं शिवारातल्या शेतकऱ्याच्या बांधावर पोचवा, ज्या ट्रॉल्या आज तुरमुरीला जातात त्यांनीच.

जो घरातच ओला कचरा जिरवतो त्याला घरपट्टीत सूट द्या. पुण्याच्या महापालिकेनं ही वाट दाखवली आहे. गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं, सौरऊर्जा, यांपैकी एक गोष्ट केली तर ५ टक्के आणि दोन केल्या तर १० टक्के सवलत. बेळगाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्याच वीस शहरांत निवडलं गेलं. रस्ते झाले, बसथांबे झाले. आता देठांचं काय करायचं तेही ठरवू या.

*

पाणी आपल्याकडे आहे. ते साठवून वापरायचं तेवढं राहिलंय.

१९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी त्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था पाहिली, आणि हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचं, या प्रश्नाला एक विहीर खोदून उत्तर दिलं. टिळकवाडीतली ती काँग्रेस विहीर आजही आहे. १९९५ च्या सुमाराला पाणीटंचाईनं शहर हैराण झालं तेव्हा ती आणि तिच्यासारख्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. इथली जमीन पाणी देते, हे शहराला तेव्हा पुन्हा एकदा कळलं. मग बागेला राकसकोप जलाशयातलं शुद्ध केलेलं पाणी कशाला? गल्लीतली विहीर उपसा, तिच्यावर हातपंप बसवा, बागेचं पाणी तिथून घ्या.

आणि वरून पडतं त्याचा हिशेब करा. बेळगावात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे सव्वा लाख लिटरच्या जवळपास पाणी. त्यातला दहावा हिस्सा जरी टाकीत धरला तरी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची मेथी, मुळा, पालक त्यावर निघते. नवीन घराला परवाना देताना या टाकीची अट कागदावर न ठेवता टाकी भरलेली बघून दाखला द्या.

गच्चीवाल्यांना एक सांगणं आहे, कारण यात माझा हात भाजला आहे. माती भरू नका. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते आणि जुन्या स्लॅबला ते सोसत नाही. माझ्या गच्चीला पहिल्याच पावसात गळती लागली ती माझ्या अतिउत्साहामुळं. नंतर मी पाचटाकडे वळलो. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट जाळतात. आठवडाभर आभाळ काळं होतं आणि जमिनीचं अन्न धुरात जातं. तेच पाचट बारीक करून, शेणकाला मारून, थरावर थर देत कुंडीत भरलं तर वजन निम्म्याहून कमी आणि मुळांना हवा मोप. महापालिकेनं तोडणीच्या हंगामात पाचटाच्या दोन ट्रॉल्या प्रत्येक वॉर्डात आणून टाकाव्यात. शेतकऱ्याला चार पैसे, गच्चीला भुसभुशीत भर, आणि आभाळाला सुटका.

ही माझी अक्कल नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आयुष्यभर हेच शिकवलं. गणिताचा माणूस. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलं, प्रयोग परिवार उभा केला, तासगावच्या द्राक्षवाल्यांना प्रयोग करायला लावलं आणि शहरातल्या माणसाला सांगितलं, की तुझ्या गच्चीवर पडणारं ऊन आणि तुझ्या घरात साचणारा कचरा हीच तुझी शेतजमीन. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्यांच्या पद्धतीनं फळझाडं आणि भाज्या उभ्या राहिल्या. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवर राहिलेला हा माणूस. त्याचं नाव आमच्या किती शाळांत ऐकू येतं? परसातलं झाड, दुसरं काय.

*

निपाणीवर थोडं थांबून बोलायला हवं. तिथली गोष्ट वेगळी आहे.

या मातीनं कितीतरी पिढ्या तंबाखू पिकवला. विडीचा तंबाखू, नावाजलेला. वखारींत बायांनी तो चाळला, कुटला, त्या धुळीनं खोकल्या. घराघरात विड्या वळल्या गेल्या. बोटं इतक्या वेगानं चालायची की बघणाऱ्याला मोजता येऊ नयेत. शेतकऱ्याच्या हाती मात्र व्यापारी देईल तो भाव. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले. तीन आठवडे बसले. बायका, मुलं, बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले.

स्थानिक अन्नावर बोलणाऱ्या प्रत्येकानं ही तारीख लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. कारण 'स्थानिक' म्हणजे 'स्वस्त', अशी आपली समजूत झाली आहे. दाराशी आलेल्या आक्काकडून आपण दोन रुपये तोडून घेतो आणि वातानुकूलित दुकानात छापील किंमत मुकाट्यानं देतो. ज्या गावानं भावासाठी बारा माणसं दिली, तिथं तरी भाजीला भाव विचारताना आवाज खाली यायला हवा. तंबाखू सोडून भाजीकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्याला दुसरं काही नको आहे. पिकलेलं रोज विकलं जाईल याची हमी हवी आहे.

ती हमी शहर देऊ शकतं. अक्षर दासोहमध्ये शाळेत रोज सांबार शिजतं, इंदिरा कँटीनमध्ये ताट वाढलं जातं, सरकारी दवाखान्यांत, वसतिगृहांत स्वयंपाक होतो. ही भाजी कुठून येते? ब्राझीलनं २००९ साली कायदाच केला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च झाले पाहिजेत. निपाणीसारख्या गावात एवढं एक केलं तरी वेदगंगेच्या काठावरची चाळीस-पन्नास कुटुंबं निर्धास्त भाजी लावतील. शेतकऱ्याला कर्जमाफीपेक्षा ठरलेलं गिऱ्हाईक जास्त तारतं.

विडी वळणाऱ्या बाईच्या घराला गच्ची नसते, हेही बागवाल्यांनी ध्यानात घ्यावं. तिच्या डोक्यावर पत्रा आणि दारापुढं गटार. तिला कुंडी देऊन काय होणार? तिला जमीन हवी. ब्रिटनमध्ये १९०८ चा कायदा आहे. गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागितलं की परिषदेला भाजीच्या वाफ्यांसाठी जमीन देण्याचा विचार करावाच लागतो. कामगारांसाठी केलेला कायदा, शंभर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. आपल्या प्रत्येक ले-आउटमध्ये बागेची म्हणून राखलेली जागा असते. तिथं कुंपण असतं, कुलूप असतं, आत काँग्रेस गवत माजलेलं असतं. त्यातले पाच गुंठे गल्लीतल्या बायांच्या गटाला वर्षाच्या कराराने द्या. पाण्याचा नळ आणि कुंपण नगरपालिकेचं, मेहनत आणि भाजी त्यांची. केरळचं कृषी खातं घरोघर भाजीचं बी आणि माती भरलेल्या पिशव्या पोचवतं, ओणमच्या ताटात घरची भाजी यावी म्हणून. आपल्या बागायत खात्याच्या रोपवाटिका आहेत. तिथं शोभेच्या झाडांच्या शेजारी शेवगा, कढीपत्ता, अळू, पपई, देशी वांगं यांची रोपं नाममात्र किमतीत मिळू लागली तर लोक रांग लावतील.

*

बी कुठून आणायचं, हा शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा मुद्दा.

घोळ, पाथरी, टाकळा, कुर्डू, चाकवत, पोकळा. यांतल्या निम्म्या भाज्या आपल्या मुलांना ओळखता येत नाहीत. त्यांचं बी कोणत्याही चकचकीत पाकिटात मिळत नाही. ते असतं म्हाताऱ्यांकडे. राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं, नाहीतर शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावलेलं. ती म्हातारी गेली की सून गाडगं धुऊन ठेवते आणि दोनशे वर्षांचं वाण नाल्यात जातं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. अशा प्रत्येक वाचनालयात एक कपाट बियांचं ठेवा. पुस्तकासारखं न्यायचं, हंगाम संपला की मूठभर परत आणून ठेवायचं. चिठ्ठीवर वाणाचं नाव, कुणाकडून आलं, कोणत्या नक्षत्राला पेरलं. खर्च एका कपाटाचा आणि वहीचा.

अनगोळच्या त्या आजीकडे मी पुन्हा गेलो होतो. उत्तर घेऊन नव्हे, हे सगळं सांगायला. तिनं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि पदराच्या गाठीत बांधून वालाच्या नऊ बिया घेऊन आली. काळ्या, पोटाशी पांढरी रेघ असलेल्या. "आमच्या परड्यातल्या हाईत. कुंपणावर चढायच्या. आता कुंपण न्हाई, तू घे."

मृगाला लावल्या. सात उगवल्या. एक गोगलगाईनं खाल्ली. सहा वेल जिन्याच्या कठड्यावर चढले, तेव्हा मी तिला बोलावून दाखवले. तिनं चष्मा पुसला, पानं उलटून मावा बघितला, आणि मला न विचारताच वरचे शेंडे नखानं खुडायला लागली. "शेंडा खुडल्याबिगर फुटवा येत न्हाई रे बाळ," म्हणाली, "आणि पहिल्या शेंगा खाऊ नकोस. बियाला ठेव. नऊ दिल्त्या, अठरा परत दे."